मुक्या झाडाची साल

१

"या घरात म्हातारीला कोणी घोटभर चहा विचारेल तर शपथ," आई भिंतीकडे तोंड करून पुटपुटली. शेजारी बसलेल्या लेकीला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं, आणि 'मी कुठं काय बोलले' असं नंतर म्हणता येईल इतपत हळू.

लेक सुतारीण होती. पुलापलीकडच्या वस्तीत तिचं दारं-खिडक्यांचं दुकान होतं. ते बंद ठेवून ती सकाळच्या गाडीनं आली होती आणि अजून पायाची धूळही झटकली नव्हती. आईच्या गुडघ्याशी रिकामा कप होता. तळाची साखर ओलीच होती. मावशीनं तो कप मुकाट्यानं उचलला, आत नेला, भरून आणून पुन्हा तिथंच ठेवला. थोरला भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला.

आईची कुरकुर जुनीच, असं म्हणून सुतारणीनं तिकडं काणाडोळा केला.

"बोला आता," ती म्हणाली. "मावशीनं फोनवर एवढंच सांगितलं की मुकं झाड गेलं आणि धाकटीला घराबाहेर काढतायत. एवढं बोलून फोन ठेवला. रस्ताभर जीव टांगणीला होता माझा."

"त्यात आणखी बोलण्यासारखं काही नाही," थोरला म्हणाला.

"तुझ्यासाठी नसेल. मला लागतं बोलायला."

हे मात्र खरं होतं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या त्यांच्या लोकांत एकेका घराण्याकडं एकेक औषध असायचं. कोणाकडं मोडल्या हाडाचं, कोणाकडं बाळंतिणीचं. या घराकडं दम्याचं. दूरदूरची माणसं छाती धरून यायची आणि आईच्या हातचा काढा घेऊन जायची. तो काढा व्हायचा मुक्या झाडाच्या सालीपासून. रस्ता रुंद झाला तेव्हा त्या जातीची बाकीची झाडं गेली, घरामागच्या चढावर एकच उरलं. त्याला मुकं म्हणायचे, कारण त्याच्याबद्दल बोलायचं नसे. साल कोणी काढली, कधी, कोणासाठी, यातला एक शब्द जरी तोंडातून गेला तरी औषध रोग्याला लागू पडत नाही, असं घरातले मानत. सुतारणीला आईनं हे काम शिकवलं नाही त्याचं कारणही तेच. लहानपणापासून तिचं घरातलं नाव रेडिओ.

"कोणीतरी झाडाची साल सबंध गोल काढली," थोरला अखेर म्हणाला. "बुंध्याभोवती. आता ते उभं वाळणार. मी सगळ्यांना बोलावून धाकटीची खोली उघडायला लावली. आरशामागं साल निघाली. ती कबूल करत नाही, नाकारतही नाही. संध्याकाळी भावकी बसेल. ती तिच्या माणसांत परत जाईल. पोर इथंच राहील. पोर आपल्या घराची आहे."

"आणि धाकटीची नाही का?"

भिंतीपलीकडं कोणीतरी खोकलं. मोठ्या माणसाचा खोकला नव्हता तो. मध्येच अडकणारा, शिट्टीसारखा श्वास, आणि मग तो पुन्हा सुरू होईपर्यंत घरभर शांतता.

"सहा वर्षांची आहे ती," सुतारीण म्हणाली.

"मला माहीत आहे ती केवढी आहे," थोरला म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

२

धाकटी म्हणजे धाकट्या भावाची बायको. भाऊ खाणीत दगावला, तेव्हापासून ती नि तिची लेक छोटी लांबट ओसरीच्या टोकाच्या खोलीत राहत. ती या लोकांतली नव्हती, पलीकडच्या किनाऱ्याकडची. लग्न होऊन इतका काळ झाला तरी भावकीतल्या बायका तिच्याशी जरा सावकाश, जरा मोठ्यानं बोलत, जणू तिला ऐकू कमी येतं.

छोटी उशांच्या ढिगाला टेकून बसली होती. झोपली की श्वास कोंडायचा, म्हणून झोपत नव्हती. उशाशी दवाखान्यातला पंप होता. धाकटीनं तो हलवून पाहिला आणि रिकामाच परत ठेवला.

"आत्या, तू लाकूड आणलंस?" छोटीनं विचारलं. एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

"पुढच्या वेळी आणीन. तू आधी नीट श्वास घे, मग तुझ्याकडून रंधा मारून घेते."

धाकटी भिंतीशी उभी होती. तिच्या हातात छोटीचे कपडे होते. तिनं ते घडी करून ठेवले, उलगडले, परत घडी केले. पिशवी एकच भरली होती. त्यात छोटीचं काही नव्हतं.

"तू काढलीस साल?" सुतारणीनं सरळ विचारलं.

"ताई, मला विचारू नका."

"अगं, संध्याकाळी तुला घालवतायत. पोर ठेवून घेतायत. समजतंय का तुला?"

"समजतंय."

"झाडपाल्याची माहिती विचारत फिरणाऱ्या त्या चष्मेवाल्याला द्यायला काढलीस? त्यानं काही कबूल केलं होतं?"

धाकटीच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. "तुम्हीपण ताई?"

"मग सांग ना. एका शब्दात सांग. मी बाहेर जाऊन भांडते. तुला माहीत आहे, भांडणात मी कोणाला हार जात नाही."

"जायला सांगा, जाईन मी," धाकटी म्हणाली. आवाज अगदी खाली होता. "दाराशी येऊ नको म्हणाले तर तेही ऐकेन. पण मला विचारू नका. तुमच्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. सुतारणीनं तिला अर्ध्यातच धरलं.

बाहेर येऊन ती ओसरीच्या पायरीवर बसली. धाकटीला पोटच्या मुलीपासून तोडत होते आणि ती तोंड उघडत नव्हती. लालूच असती तर नाकारलं असतं. भीती असती तर दुसऱ्या कोणावर ढकललं असतं. पोर गमावली तरी चालेल पण बोलणार नाही, असं एखादी आई कधी म्हणते?

बोलल्यानं पोरीचं त्याहून वाईट होणार असेल, तर.

३

चष्मेवाला शाळेच्या मागच्या खोलीत राहत होता. कुठल्याशा संस्थेतून आलेला, झाडपाला जाणणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलणं हे त्याचं काम. टेबलावर वाळत घातलेली पानं, त्यांवर विटा ठेवलेल्या. भावकीतल्या निम्म्या लोकांच्या मते झाड त्याच्याच पायी गेलं होतं. धाकटी फक्त हात.

"मी ते झाड बघितलेलंसुद्धा नाही," तो म्हणाला. "तुमच्या भावानं पहिल्याच दिवशी सांगितलं, त्या चढावर पाय ठेवायचा नाही. मी ठेवला नाही."

"कोणी घरबसल्या साल आणून दिली तर पाय कशाला ठेवावा लागतो?"

त्यानं चष्मा काढून पुसला. रागावला नाही, नुसता दमलेला दिसला. "बाई, सालीचं मी काय करू? साल म्हणजे काही औषध नाही. किती उकळायची, कशात, सोबत काय, कोणाला द्यायची नाही, हे सगळं म्हणजे औषध. ते एकट्या तुमच्या आईंना येतं. धाकट्या मुलाला शिकवायला घेतलं होतं म्हणे, पण तो..."

"हो," सुतारीण म्हणाली. "मग तिनं तुम्हाला सांगितलं का?"

तो घुटमळला. "सांगितलं. आपणहून. मी विचारलंही नव्हतं."

आता सुतारीण खुर्चीच्या टोकावर आली. ज्या बाईनं पोटच्या लेकीला सांगितलं नाही, तिनं या उपऱ्याला सांगितलं?

"पुन्हा गेलो तेव्हा पुन्हा सांगितलं. पण वेगळं. मग आणखी एकदा, तेही वेगळं. एकदा साल सावलीत वाळवायची होती, एकदा ओलीच कुटायची होती. मी काहीच लिहून घेतलं नाही. मला वाटलं, त्या मला मुद्दाम चकवतायत. आणि चकवावंच त्यांनी, त्यांचा हक्क आहे. आमच्यासारख्यांनी कमी का लुबाडलंय या लोकांना?" तो थांबला. "फक्त एक खटकलं. चकवणारा माणूस सांगून झाल्यावर तोंडाकडं बघतो, समोरच्याला पटलं का म्हणून. त्या स्वतःच्या हातांकडं बघत होत्या."

सुतारीण उठली. का कोण जाणे, तिला तिथून लवकर निघावंसं वाटलं.

"झाड बघून येते," ती म्हणाली. "बंदी तुम्हाला आहे. मी घरची आहे."

४

झाड हिरवंगार होतं. तेच पहिल्यांदा अंगावर आलं. पानं हलत होती, फांदीवर एक पाखरू निवांत बसलं होतं, आणि खाली बुंध्याला पट्टा मारल्यासारखी गोल जखम. सुतारणीनं आयुष्य लाकडात काढलेलं. पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडं उतरतं, ती वाट चहूबाजूंनी तुटली की मुळं उपाशी मरतात. वरच्या पानांना ते उशिरा कळतं, एवढंच.

ती गुडघ्यावर बसली आणि बोट फिरवू लागली.

खडकाकडच्या बाजूला बोट अडलं. कापाच्या कडेनं एक बारीक उठून आलेली रेघ गेली होती, धारेला खाच पडलेल्या हत्याराची. ती पटाशी तिनंच घडवून धाकट्या भावाला दिली होती, आणि ती खाचही तिच्याच हातून पडली होती, खिळ्यावर बसून. भाऊ म्हणाला होता, राहू दे ताई, ओळख पटते. तो गेल्यावर पटाशी धाकटीकडंच होती.

म्हणजे तिनंच.

सुतारीण आली होती ते धाकटीनं केलं नाही हे सिद्ध करायला. आता हे घेऊन खाली कशी जाणार?

मग धंद्याची सवय म्हणा, तिनं रेघेमागोमाग बोट पुढं सरकवलं. दोन वितींनंतर रेघ संपली. एकदम. त्याच्या पुढचा काप दुसऱ्याच हत्याराचा होता.

५

ती उठली आणि झाडाभोवती सावकाश फिरली. मग उलटी फिरली.

लांबून एक पट्टा दिसत होता, तो एक नव्हताच. चार तुकडे होते, एकमेकांना जेमतेम शिवणारे. पायवाटेकडचा उंचावर होता, कोयत्याच्या एका दमदार घावाचा. घरातला एवढा उंच माणूस एकच. ओढ्याकडचा खालच्या अंगाला, आणि डावीकडं कललेला. डावखुरी फक्त मावशी. खडकाकडचा धाकटीचा, नवशिक्या हाताचा. आणि उगवतीकडचा असा, की बघवत नव्हतं. हत्यार टेकवलेलं, उचललेलं, परत टेकवलेलं. दहा ठिकाणी चुकून मग एकदाची निघालेली साल.

रंगही वेगळे. उघडं पडलेलं लाकूड दिवसागणिक काळवंडत जातं. पायवाटेकडचं पार तपकिरी झालं होतं, ओढ्याकडचं त्याहून फिकं, खडकाकडचं पिवळट. उगवतीकडचं अजून पांढरं, हाताला ओल लागावी असं. चोरानं एका दमात सगळी सोलून नेली असती, खालपासून वरपर्यंत. हे कोणी वेगवेगळ्या दिवशी, एकेकटं येऊन, एकेक पट्टी काढून गेलं होतं. आणि नीट काढली होती. घरच्या रीतीनं.

मग तिला जुने व्रण दिसले. नव्या जखमांच्या वरखाली, भरून आलेले, ओठांसारखे मिटलेले. पायवाटेकडचे सगळे व्रण उंचावर. ओढ्याकडचे सगळे डावीकडं कललेले. खडकाकडचे लहान, नेटके. धाकटा हयात असतानाचे. उगवतीकडचे सर्वांत जुने आणि सर्वांत सरळ. वर्षानुवर्षं ज्यानं त्यानं आपापल्याच बाजूची साल काढली होती. एकाचा घाव दुसऱ्याच्या बाजूला नव्हता.

सुतारीण खडकावर बसली. कोणी शिकवलं नव्हतं, पण आता ती रीत तिला पाठ झाल्यासारखी कळली. झाडाच्या चार बाजू, घरातली चार माणसं. आपल्या बाजूनं यायचं, आपल्या बाजूनं जायचं, दुसऱ्याच्या बाजूला डोकावायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. म्हणून कोणाला कोणाचं कळत नाही. मग झाड आजवर जगलं कसं? आई एका वेळी एकालाच पाठवायची म्हणून. यंदा थोरला, जखम भरली की मग मावशी. कोणाची पाळी, कोणती बाजू अजून ओली, हे आईच्या डोक्यात. झाडाला कुंपण तेवढं एकच होतं.

तिला सकाळचा चहाचा कप आठवला. मावशीनं तो कसा उचलला होता. काही न बोलता, रोजच्या सवयीनं.

"नाही," ती झाडाखाली मोठ्यानं म्हणाली. तिथं बोलायचं नसतं, हे तिला नंतर लक्षात आलं.

६

मावशी मागच्या खोलीत कपडे आवरत होती. सुतारीण आत गेली आणि नाकानं श्वास घेत उभी राहिली.

"काय वास घेतेस कुत्र्यासारखी?"

"साल वाळतेय कुठंतरी. ओल्या शिसवीसारखा वास आहे, पण कडू."

मावशी पेटीवर बसली. पेटी मोठी होती, मावशी लहानखुरी, पण बसली ती अशी की झाकण उघडणार नाही.

"मावशी, तूच मला फोन केलास. का केलास?"

"तू बोलतेस म्हणून," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आम्हाला येत नाही."

"साल काढली की कोण वाळवतं? आई?"

मावशीनं पेटीच्या कडीवर हात ठेवला.

"ज्यानं काढली त्यानंच, आपल्या खोलीत अंधारात ठेवायची. बरोबर? आणि आई मागेल तेव्हा द्यायची. मान हलव नुसती, बोलू नकोस."

मावशीची मान हलली की नाही, सांगणं कठीण. पण पेटीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकले.

"आणि आईनं मागितलीच नाही."

मावशीनं पदर तोंडाशी धरला.

थोरला अंगणात उभ्या त्याच्या टँकरखाली पाने-पकडी घेऊन पडला होता. नुसते पाय बाहेर. सुतारीण तिथंच खाली बसली.

"तुझी खोली कुलपात का असते रे हल्ली? बायको माहेरी, आणि तू ओसरीवर झोपतोस."

"उकडतं."

"वर झाडाजवळ जाऊन आले."

पाय हलायचे थांबले.

"तुला कळतंय मी काय बघून आले ते. तू धाकटीला घालवतोयस. तुझ्या कपाटामागं काय आहे ते माहीत असून."

थोरला बाहेर आला. कपाळाला ग्रीस लागलेलं. "मी एक पट्टी काढली," तो दात आवळून म्हणाला, "माझ्या बाजूची. रीतीनं. बाकीची कोणी काढली? ज्यानं काढली त्यानं झाड मारलं. आणि गप्प बस आता, मी एवढंही बोलायला नको होतं. पोरीला..."

तो थांबला. पण शब्द निघून गेला होता.

"पोरीला काय? छोटीसाठीच पाठवलं होतं तुला?"

त्यानं तोंड फिरवलं. भिंतीपलीकडून तो खोकला आला, आणि दोघंही श्वास परत सुरू होईस्तोवर थांबली.

"आईला विचारलंस का कधी? साल न्यायला का येत नाही म्हणून?"

"विचारायचं नसतं."

"रीत म्हणून, की उत्तर माहीत आहे म्हणून?"

थोरल्यानं पाना उचलला आणि परत गाडीखाली गेला. त्यानं पुढं काही खोललं नाही, काही आवळलं नाही. नुसता पडून राहिला.

७

उन्हं कलली तशी भावकी ओसरीवर जमली. चुलते, चुलत्या, थोरल्याच्या सासुरवाडीकडले दोघेतिघे. आई नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून. धाकटी छोटीला मांडीवर घेऊन खांबाशी. पिशवी शेजारी. छोटीचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता आणि कोणी तिकडं बघत नव्हतं.

थोरला उभा राहिला. "साल हिच्या खोलीत मिळाली. ही काही सांगत नाही. म्हणून..."

"थांब," सुतारीण म्हणाली. "ती साल आण इथं."

कोणीतरी आणली. तिनं ती सर्वांसमोर जमिनीवर अंथरली.

"बुंध्याला मिठी मारली तर माझे हात जेमतेम पोचतात. आणि ही बघा, जेमतेम दोन विती. ही तर फक्त खडकाकडची पट्टी. बाकीची कुठं गेली?"

"दिली असेल त्या चष्मेवाल्याला," एक चुलता म्हणाला.

"झाड एकानं नाही सोललं, काका. चार हात आहेत. कोयता वेगळा, पटाशी वेगळी, उंची वेगळी, दिवस वेगळे. लाकूड खोटं बोलत नाही, ते मी इतकी वर्षं रंधून बघितलंय. हिची खोली उघडायला लावलीत, कारण ही बाहेरची. बाकीच्या उघडा ना."

कोणी हललं नाही. मग मावशी उठली. आत गेली, पेटीचं झाकण वाजलं, आणि बाहेर येऊन तिनं एक पट्टी धाकटीच्या पट्टीशेजारी ठेवली. डावीकडं कललेली. काही न बोलता जागेवर जाऊन बसली.

सगळ्यांच्या नजरा सुतारणीमागोमाग थोरल्याकडं गेल्या. तो खांबासारखा उभा होता. मग त्यानं खिशातून किल्ली काढली. परत आला तेव्हा त्याच्या हातात साल होती, वाळून कडक झालेली, सर्वांत जुनी.

धाकटी तिन्ही पट्ट्यांकडं बघत राहिली. "तुम्हीपण?" तिनं विचारलं. पहिलाच शब्द होता तिचा. "छोटीसाठी?"

थोरल्याला मान वर करता येईना. "मला वाटलं, आपली साल वाळायची आहे अजून. लागली की आई मागेल."

"मलाही तेच वाटलं," मावशी म्हणाली.

"मला वाटलं मी बोलले तर हिला लागू पडायचं नाही," धाकटी म्हणाली, आणि छोटीच्या केसांत तोंड लपवलं.

म्हणजे घरातलं प्रत्येक माणूस त्या पोरीसाठी चढ चढून गेलं होतं. प्रत्येकानं आपल्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिचं औषध जपून ठेवलं होतं. आणि पोर बाहेर उशांना टेकून श्वास शोधत होती.

"तीन झाल्या," चुलता म्हणाला. त्याचा आवाज आता तितका चढा नव्हता. "एक बाजू राहिली असती तर झाड तगलं असतं. चौथी कोणी काढली?"

सुतारणीनं तोंड उघडलं.

तिच्याकडं सगळं तयार होतं. उगवतीकडचे ते चुकलेले घाव. चष्मेवाल्यानं ऐकलेली तीन वेगवेगळी औषधं. एकामागून एक धाडलेली माणसं, प्रत्येकाला वाटलेलं की आपण एकटेच. दिवसातून कितीदा तरी भरला जाणारा एक कप. नुसतं ओळीनं मांडायचं होतं. धाकटी सुटली असती. आणि त्याच क्षणापासून आईच्या हातून पाण्याचा पेलासुद्धा कोणी घेतला नसता. आयुष्यभर लोक जिच्यासमोर छाती उघडी करून बसले, तिच्याकडं उद्यापासून लोक कीव करत बघणार.

तिनं भोवती पाहिलं. थोरला जमिनीकडं बघत होता. मावशी पदराच्या टोकाकडं. चुलती छताकडं. आणि सुतारणीला कळलं की हे कोडं सोडवणारी ती पहिली नव्हतीच. ती शेवटची होती. प्रश्न विचारणारा चुलतासुद्धा उत्तर येऊ नये म्हणूनच जणू मोठ्यानं घसा खाकरत होता.

रेडिओ बंद पडला.

"कोणाचं का असेना," थोरला घाईघाईनं म्हणाला. "झालं ते झालं. धाकटीनं एकटीनं केलं नाही, एवढं कळलं. बैठक संपली."

"कशी संपली?" आई म्हणाली.

सगळे थबकले. आईनं पदराआडून हात बाहेर काढला. हातात सालीचा तुकडा होता, कडा फाटलेल्या, हाताळून हाताळून मऊ पडलेला. बोटांच्या पेरांवर कापल्याच्या खुणा होत्या.

"चौथी माझी. कोणी गेलंच नाही असं वाटलं, म्हणून मी गेले. पोर खोकत होती. कोणाला पाठवायचं राहिलंच, असं रोज वाटायचं. रोजच वाटायचं."

"आई, असू दे," थोरला तिच्याजवळ जाऊन बसला. "वय झालं की होतं थोडंफार. तू दमली आहेस. आत चल."

"असू दे म्हणू नकोस. तुम्ही सगळे तेच करता. असू दे म्हणता आणि कप भरून ठेवता. मला काय समजत नाही?" तिनं साल उलटी केली, सुलटी केली. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. "एकदा समजतं, मग जातं. आता समजतंय तोवर बोलते. धाकटीला कुठं पाठवू नका. मीच धाडलं असणार हिला. सगळ्यांना मीच धाडलं असणार."

"हो आई," सुतारीण कशीबशी म्हणाली. "पण मग साल मागितली का नाहीस? एकाकडंही?"

छोटीला खोकल्याची उबळ आली. धाकटीनं तिला छातीशी धरून पाठ चोळली. आई त्या लहान पाठीकडं बघत राहिली, उबळ ओसरेपर्यंत.

"मागून काय करू?" ती म्हणाली. "ही घेऊन बसते मी रोज. चुलीशी नेते, परत आणते. हातांना आठवेल म्हणून वाट बघते. हातांनाही नाही आठवत." मग तिनं मान वर करून एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, आणि या वेळी कोणाला नजर चुकवता आली नाही. "औषध गेलं माझ्यातून. मी विसरले. तुम्हाला माहीत होतं ना?"